प्रोशाला, सोमवारच्या आधी

प्रिय प्रोशा,

अक्षर वेडंवाकडं दिसेल, सांभाळून घे. आईच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून लिहिते आहे आणि उजवा हात अजून मध्येच थरथरतो. आईला सांगितलंय की दोन महिने गार पाण्यात उभी राहून सांधे धरलेत. तिला ते पटलं, आणि तिने मोहरीची पूड घातलेल्या गरम पाण्यात माझे हात बुडवून ठेवायला लावले. ती आत्ता शेजारी क्लावदियाकडे गेली आहे, म्हणून कागद काढला. ती बरी आहे. गुडघे दुखतात, तरी दलदलीत जाऊन मोरोश्काची फळं वेचून आली आणि मुरंब्याच्या चार बरण्या तुझ्या नावाने बाजूला ठेवल्यात. रोज एकदा तरी विचारते, प्रोशाचं काही कळलं का, त्या मासळीच्या कारखान्यात रविवारचीसुद्धा सुट्टी नसते का. मी म्हणते, हंगाम आहे आई, नसेल. कारखान्याचं नावही तिने मला तीनदा विचारलं. ते मला सांगता आलं नाही.

नदीवरचा आमचा मासेमारीचा कॅम्प बंद झाला, हे तुझ्या कानावर आलं असेलच. वादिमने पाहुण्यांना परत पाठवलं, तंबू गुंडाळले, आणि हंगाम पंधरा दिवस आधीच उरकला. खरं तर यंदा नदी फार छान होती. जुलैत मिकिझा मासळी गळाला अशी लागत होती की दुपारपर्यंत पाहुण्यांचे खांदे दुखायला लागायचे. मी हिवाळाभर गळाला लावायचे रेनडियरच्या केसांचे उंदीर बांधले होते, साठ तरी असतील. पाण्यावरून तो खोटा उंदीर पोहत चालला की खालून मिकिझा तोंड उघडून अशी येते की दर वेळी माझ्याच छातीत धडकी भरते. तू कॅम्पवर होडी चालवायला होतास त्या उन्हाळ्यात या उंदरांना हसायचास. म्हणायचास, "ताई, हे लोक अर्धी दुनिया ओलांडून येतात, मासा धरतात, त्याचा मुका घेतात आणि सोडून देतात. त्यांचं खेळणं ते आपलं ताट आहे." स्तेपानकाका तेव्हा भट्टीतून पाव काढत होते. ते म्हणाले, तुझ्या ताटात काल तीन वाट्या सूप होतं, ते कुणी खाल्लं? सगळे हसलो होतो. पण तुझं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. हिवाळ्यात गावातल्या अर्ध्या घरांतून काम नसतं. दारू असते. तू वादिमशी भांडून निघून गेलास तेव्हा मी तुला अडवायला हवं होतं. मी माझ्या गळाच्या खोट्या माशा बांधत बसले.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हिरोसेसान आले. तुला ते आठवत असतील, होक्काइदोचे म्हातारे दातांचे डॉक्टर, पाण्यात उतरण्याआधी नदीला वाकून नमस्कार करणारे. ते आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. बाकीचे तीन पाहुणे मॉस्कोचे होते. त्यांना मोठ्या किझूच सॅमनचा नाद होता, म्हणून वादिम त्यांना रबरी तराफ्यावरून तीन दिवसांसाठी खाली घेऊन गेला. हिरोसेसानना मिकिझाच हवी होती. ते माझ्याबरोबर मागे राहिले. कॅम्पवर आम्ही तिघंच, ते, मी आणि स्तेपानकाका.

त्याच्या आधी एक गोष्ट झाली होती, ती सांगते. वादिम जाण्याच्या चार दिवस आधी मी हिरोसेसानना घेऊन वरच्या ओढ्यात गेले, जिथे सॅमन अंडी घालायला शिरतात. वळणाआधीच वास आला. मग सीगल दिसले, शेकडो. ओढ्याच्या दोन्ही काठांवर माद्या पडल्या होत्या, पोट फाडलेल्या, विकायला अंडी काढून घेतलेल्या, मासा तसाच फेकलेला. मी मत्स्यसंस्थेत सहा वर्षं मासे मोजायचंच काम केलं ना, सवयीने मोजू लागले. चारशे सोळावर थांबले, कारण पुढे अस्वलं होती. हिरोसेसाननी पिशवीतून कॅमेरा काढला आणि फोटो घेतले. माशांचे, जाळ्याचे, अंडी खारवण्याच्या पिंपांचे, साखळीपट्ट्यांच्या गाडीच्या चाकोऱ्यांचे. परत येताना त्यांनी मला त्यांच्या तोडक्या रशियनमध्ये विचारलं, "हे करणारे लोक कुठले?" मी म्हटलं, बाहेरचे. शहरातून येतात.

वादिमने उपग्रह-फोनवरून मत्स्यरक्षक कार्यालयाला कळवलं. बघतो म्हणाले. त्याच फोनवरून दर शनिवारी मला आईशी पाच मिनिटं बोलता येतं. मी बोलले. मन भरून आलं होतं, आईजवळ नाही बोलायचं तर कुणाजवळ? ओढ्याचं सांगितलं, चारशे सोळा सांगितले, आणि जपानी डॉक्टरांनी कॅमेऱ्यात सगळं टिपलंय तेही सांगितलं. आई म्हणाली, जाऊ दे गं, तू त्यात पडू नकोस. आणि मग आनंदाने म्हणाली, अगं, आज प्रोशा आलाय, अंघोळ करतोय, तुझ्याशी बोलायला बोलावू का? पाच मिनिटं संपत आली होती. मी म्हटलं, राहू दे, त्याला माझा नमस्कार सांग.

मंगळवारी ते आले. सकाळचे दहा वाजले असतील. समुद्राकडून धुकं आत घुसलं होतं, इतकं की मला काठावरचं स्वयंपाकघर दिसत नव्हतं, फक्त स्तेपानकाकांच्या पावाचा वास येत होता. हिरोसेसान छातीपर्यंतची रबरी पँट घालून कमरेइतक्या पाण्यात उभे होते. मी त्यांच्या मागे, हात पोचेल एवढ्यावर. त्या वयाच्या माणसाला मी एकट्याला सोडत नाही. त्यांची फेक संथ असते. काठी मागे जाते, दोर मागे सरळ होईपर्यंत ते श्वास धरतात, मग पुढे. नुकतीच एक मिकिझा लागली होती, रीळ ओरडत होतं, आणि त्या आवाजातून मला दुसरा आवाज आला. वरच्या अंगाला पाण्यात पावलं पडत होती. मला वाटलं अस्वल. मी पट्ट्याला अडकवलेली मिरचीच्या फवाऱ्याची बाटली हातात घेतली. मग धुक्यातून तीन माणसं नदी ओलांडून येताना दिसली.

तोंडावर काळ्या विणलेल्या टोप्या, फक्त डोळ्यांना भोकं. दोघांच्या हातात बंदुका. सगळ्यात पुढे तिसरा होता, त्याची बंदूक पाठीला. प्रोशा, नदी पायी ओलांडायचा तो उतार वाकडा आहे. पाण्याखाली मध्यावर तो डावीकडे वळतो, आणि सरळ गेलेला माणूस गळ्याइतक्या डोहात जातो. धुक्यात तर तो काठावरूनही दिसत नाही. पुढचा माणूस मध्यावर आला आणि डावीकडे वळला. तो आडवा चालत होता, तोंड प्रवाहाकडे, आधी पाय सरकवून दगड चाचपायचा, मग भार टाकायचा, एक पाय दुसऱ्यासमोर कधीच नाही. त्या नदीवर असं चालणारी माणसं मला फार माहीत नाहीत. बाबा बुडाले त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी चौदा वर्षांची होते. सहा वर्षांच्या एका पोराला मी कमरेच्या पट्ट्याला धरून त्याच उतारावर असं चालायला शिकवलं होतं.

मी घाबरले ते नुसत्या बंदुकांमुळे नव्हे. मी हिरोसेसानचा पट्टा धरला आणि सोडलाच नाही. काठी त्यांच्या हातातून गेली, मासाही गेला. त्यांनी आम्हाला काठावर यायला लावलं. एक जाडा होता, घोगऱ्या आवाजाचा, तोच सगळं बोलत होता. दुसरा शिव्या देत तराफे चाकूने फाडत होता. पुढे आलेला तो माणूस गप्प होता. एक शब्द नाही. जाड्याने त्याला फोन आण म्हटलं, तर तो न विचारता बरोबर वादिमच्या तंबूत, बरोबर फोनच्या हिरव्या पेटीपाशी गेला. मग जाडा हिरोसेसानकडे वळला आणि म्हणाला, "जपान्या, कॅमेरा." मी मनात तेव्हाच म्हटलं, कॅमेऱ्याचं यांना कुणी सांगितलं? आणि उत्तर सुचायच्या आत मी ते दाबून टाकलं.

हिरोसेसाननी पिशवी छातीशी धरली. जाड्याने बंदूक त्यांच्या कपाळाला लावली. मी कॅमेरा काढून दिला, मीच. खरं सांगते, माझी पँट आतून ओली झाली होती. नदीच्या पाण्याने नव्हे. तेवढ्यात स्तेपानकाका स्वयंपाकघरातून बाहेर आले. हाताला पीठ, ॲप्रन, बंदूक आत खुंटीलाच. ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, पोरांनो, पाव निघालाय, बसा, काय हवं ते न्या आणि म्हाताऱ्याला सोडा. जाडा त्यांच्यावर खेकसला. काका थांबले नाहीत. ते सरळ त्या गप्प माणसासमोर जाऊन उभे राहिले, त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि अगदी हळू म्हणाले, "तू घरी जा रे."

एवढंच म्हणाले. नाव घेतलं नाही. कदाचित पुढच्या क्षणी घेतलं असतं. त्या माणसाने पाठीची बंदूक काढली आणि दस्ता त्यांच्या डोक्यात, कानाच्या वर घातला. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज झाला. काका गुडघ्यांवर बसले आणि मग आडवे झाले. तो माणूस वाकला, जणू उचलणारच होता, मग सरळ झाला. जाडा हसला आणि म्हणाला, बघा, आमचा मुकासुद्धा चिडला. मग त्यांनी आम्हाला सांगितलं की कॅम्प उठवा, नाहीतर पुढच्या वेळी तंबूंसकट जाळू. आणि ते आले तसे, त्याच उतारावरून, तोच पुढे, धुक्यात गेले.

त्यानंतर वादिम येईपर्यंत दीड दिवस गेला. फोन नव्हता, तराफे फाटलेले. काकांच्या कानातून रक्त येत होतं. ते मध्येच जागे व्हायचे, मला माझ्या आईच्या नावाने हाक मारायचे आणि पाव जळेल म्हणायचे. हिरोसेसाननी त्यांचं डोकं मांडीवर धरून ठेवलं, दातांचे असले तरी डॉक्टरच ते, पण ते मला म्हणाले, इथे माझ्या हातात काही नाही. मी बंदूक घेऊन दारात बसले. फांदी मोडली की उठायचे. मासा उसळला की उठायचे. एकदा अस्वल येऊन भट्टीजवळ पाव खाऊन गेलं, त्याची मला भीती वाटली नाही, इतकी मी दुसऱ्या पावलांची वाट बघत होते. एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. मला दोन्ही वाटत होतं. तो परत येऊ नये असं, आणि मुखवटा काढून धावत परत यावा, काकांना उचलायला मला मदत करावी, असंही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टरने त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. त्यांना शुद्ध आली, बोलायला लागले, तेव्हा तपास अधिकारी आला. तरुण आहे, फाइल नीट ठेवणारा, आडनाव बेलोनोगोव. काका त्याला म्हणाले, ओल्या फळीवरून पाय घसरला. त्याने पुन्हा विचारलं. काका पुन्हा तेच म्हणाले. मग तो माझ्याकडे वळला. मी म्हटलं, तीन माणसं होती, तोंडं झाकलेली, मी कुणालाच ओळखलं नाही. त्याने लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. सही करताना काका माझ्याकडे बघत होते. अधिकारी गेल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "पोरी, त्याने मारलं नसतं तर त्या जाड्याने गोळी घातली असती." मी विचारलं, तुम्हाला खात्री आहे? ते म्हणाले, नाही.

मीही तेच विचार करत बसते. तू त्यांना वाचवायला मारलंस, की त्यांच्या तोंडातून नाव निघू नये म्हणून मारलंस? बघ, लिहिलंच शेवटी. इतका वेळ मी "तो माणूस" लिहीत होते. रोज एका कुशीवर झोपते तेव्हा पहिलं खरं वाटतं, दुसऱ्या कुशीवर दुसरं. तू आईला भेटायला आलास, अंघोळ केलीस, तिच्या हातचं जेवलास, आणि ती भाबडेपणाने बोलली ते ऐकून घेऊन गेलास. हे मात्र कुठल्याच कुशीवर बदलत नाही. मला झोप लागत नाही, प्रोशा. मला त्या जाड्याचं भय आहे, पण तो मला अनोळखी आहे, त्याच्यापासून लपता येतं. तुझ्यापासून कुठे लपू? मी कुठल्या वाटेने विहिरीवर जाते, कोणत्या बाजूला डोकं करून झोपते, सगळं तुला ठाऊक आहे. काल अंगणात कुणीतरी आलं. क्लावदियाचा नवरा होता, करवत मागायला. मी टेबलाखाली बसले होते. आईने मला तसं पाहिलं. मी म्हटलं, सुई पडली.

आता जे सांगायचं ते सांगते. काल दुपारी वादिमचा दुकानावर फोन आला होता, मला बोलावून घेतलं. डोक्यात आत रक्त साचत होतं आणि दवाखान्यात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. स्तेपानकाका गुरुवारी पहाटे गेले. आईला मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की ती पहिलं हेच म्हणेल, प्रोशाला कळवा, त्याला त्यांनी बापासारखं वाढवलं, खांदा द्यायला त्याला बोलवा.

आता हे प्रकरण फळीवरून घसरण्याचं राहिलेलं नाही. बेलोनोगोव सोमवारी सकाळच्या हेलिकॉप्टरने गावात येतो आहे, मला पुन्हा विचारायला. या वेळी मी तुझं नाव सांगणार आहे. उताराबद्दल सांगेन, फोनच्या पेटीबद्दल सांगेन, शनिवारच्या बोलण्याबद्दल सांगेन. काका काय म्हणाले तेही सांगेन, दोन्ही वाक्यं, खात्री नसल्याचंसुद्धा. हे तुला परक्याकडून, बेड्या घेऊन आलेल्या माणसाकडून कळू नये म्हणून हे पत्र. झिनाइदाच्या हातात देते आहे. तू कुठे असतोस ते तुझ्या बायकोला माहीत असणारच, आणि ती शनिवारी तुझ्यापर्यंत पोचवेल. म्हणजे तुझ्याकडे दोन दिवस आहेत. पळालास तर हिवाळा तोंडावर आहे, आणि ते लोक तुला सांभाळणार नाहीत. स्वतःहून गेलास, त्या जाड्याचं नाव सांगितलंस, तर मी तुझ्याबरोबर येईन, प्रत्येक तारखेला येईन, आईला घेऊन येईन. आणि हे पत्र तू त्याला दाखवलंस तर सोमवारपर्यंत माझं काय होईल, तेही मला माहीत आहे. कालपासून याच भीतीने कागद हातात घेत होते आणि ठेवत होते. तरी पाठवते आहे, कारण न पाठवता तुझं नाव घेतलं असतं तर मी तुला आधीच त्यांच्यातला धरून चालले असते, आणि ते मला अजून जमत नाही. मी घरीच आहे. हल्ली दिवसाही दाराला कडी असते. आलास तर नुसतं दार वाजवू नकोस, प्रोशा. बाहेरून आधी बोल, म्हणजे तूच आहेस हे मला कळेल.

अजूनही तुझीच ताई,
तैसिया